संधिवाताच्या गोळ्या

"गोळ्या कमी करायच्या त्या मी सांगेन तशा, पायरीपायरीने. एकदम बंद केल्यात तर माणूस बसल्या जागी कोसळेल," असं धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुसुमलताचं निम्मं लक्ष मांडीवरच्या चंदाकडे होतं. पोरीला दात येत होते आणि ती टेबलाच्या कडेचं रेक्झिन चावू बघत होती. दवाखान्यातलं टेबल, कोणाकोणाचे हात लागले असतील, म्हणून कुसुमलता तिचं तोंड पदराने पुसत बसली. डॉक्टरांचं बोलणं तिने ऐकलं आणि सोडून दिलं. गोळ्या बंद कोण करणार? नऊ वर्षं मूल मूल करणारा माणूस औषध चुकवेल होय?

डॉक्टर तिच्याशीच बोलत होते, कारण दुसरं कोणी बोलण्यासारखं नव्हतं. ज्यांचं औषध, ते तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर, गौतमचंद बाहेरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांची बायको राजकुंवर आत, शेजारच्या खुर्चीवर होती, पण घुंगट नाकापर्यंत, आणि इंग्रजी शब्द आला की ती कुसुमलताच्या कोपराला चिमटा काढायची. कुसुमलता धाकटी जाऊ, धुळ्याच्या कॉलेजातून बी. एस्सी. झालेली. तिचं माहेरही धुळ्यातच, त्यामुळे 'कुसुमला माहेरी भेटवून आणतो' एवढं निमित्त जळगावच्या घराला पुरलं होतं.

"यांच्या रक्तात यांच्याच बीजाविरुद्ध विष तयार होतंय," डॉक्टर सांगत होते. "शरीर आपलंच माणूस ओळखत नाही, चोर समजून धरून ठेवतं. शुक्रजंतू जिवंत आहेत, पण एकमेकांना चिकटून बसलेत. पुढे जाणार कसे? बाईत काही दोष नाही. बघायचंय?"

त्यांनी सूक्ष्मदर्शक तिच्यापुढे सरकवला. परदेशात शिकून आलेल्या त्या माणसाला मारवाड्याच्या घरातली नाती काय ठाऊक. कुसुमलताने कॉलेजच्या सवयीने डोळा लावला. उजेडाच्या वर्तुळात बारीक शेपट्या वळवळत होत्या. डोक्याला डोकं चिकटलेले झुबके, जागच्या जागी धडपडणारे, डबक्यातल्या किड्यांसारखे. ती पाहत राहिली, आणि मग एकाएकी तिच्या ध्यानात आलं की हे कोणाचं आहे. ज्या माणसापुढे तिने कधी तोंड उघडं केलं नव्हतं, ज्याच्या चपलांचा आवाज आला की ती दाराआड व्हायची, त्याचं हे. तिने झटक्याने मान मागे घेतली. माहेरी गेल्यावर तिने तो डोळा साबणाने धुतला. आग झाली तरी धुतला.

निघताना तिने एकच प्रश्न विचारला होता. "गोळीत मांसाचं, अंड्याचं काही नाही ना? आमच्याकडे चालत नाही."

"नाही हो. पूर्वी जनावरांच्या ग्रंथींतून काढायचे. आता एका जंगली कंदापासून करतात," डॉक्टर हसून म्हणाले. "मात्र उपाय नवा आहे. हार्मोनचा मोठा डोस आहे. चेहरा सुजेल, भूक वाढेल, चिडचिड होईल. आणि गुण येईलच अशी खात्री मी देत नाही."

परतीच्या एस.टी.त जावा मागच्या बाकावर बसल्या. गौतमचंद पुढे ड्रायव्हरजवळ. गाडी पारोळ्याला पोचली. मग राजकुंवर घुंगटाआडून म्हणाली, "यांनी सांगितलंय, घरी म्हणायचं सांध्यांच्या गोळ्या आहेत. संधिवात."

"आणि भाभीसा, तुमचं काय? नऊ वर्षं तुम्हाला बोल लावतात, ते तसंच?"

"मला सवय आहे."

सवय होती खरी. राजकुंवरने गर्भाची पिशवी साफ करून घेतली होती, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पिंपळनेरच्या बाजूला कोणा भगताने बेंबीखाली तापल्या सळईचे डाग दिले होते. ते डाग कुसुमलताने न्हाणीत एकदा पाहिले होते, काळ्या चिंचोक्यांसारखे, आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं. आणि पुढे बसलेला हा माणूस एवढ्या वर्षांत आपलं बीज एका बाटलीत तपासायला द्यायला तयार नव्हता.

"गेल्या साली सरकार नसबंदीला माणसं धरून नेत होतं," राजकुंवर हळूच म्हणाली. "यांनाच पुढे करायला हवं होतं. सरकारचा आकडा वाढला असता, आपलं काही गेलं नसतं." दोघी पदराआड हसल्या. पुढच्या बाकावरची मान जराशी हलली आणि हसू थांबलं.

ते साल सत्त्याहत्तर. ज्येष्ठ महिन्यात गोळ्या सुरू झाल्या आणि आषाढ संपेतो गौतमचंद ओळखू येईनासे झाले. गाल फुगून डोळे बारीक झाले. मानेमागे मांसाचा गोळा चढला. पाठभर पिकलेल्या पुटकुळ्या. सदरा काढून मोरीपाशी बसले की कुसुमलता चंदाला उचलून दुसऱ्या खोलीत जाई. त्यांच्या उशीच्या अभ्र्याला आंबूस, तेलकट वास यायचा आणि तो धुण्याच्या बालदीत चंदाच्या लंगोटांबरोबर पडला, तर ती काठीने वेगळा काढायची. सगळ्यांत वाईट ते जेवण. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हा घरचा नेम. पण गौतमचंद कोणी मागे लागल्यासारखे जेवत. फुलक्यावर फुलका, बोटांवरून ओघळणारं तूप, घशातून येणारा आवाज. दाराच्या फटीतून कुसुमलता बघे आणि तिला मळमळे. आपल्याला किळस येते म्हणून तिला स्वतःचीही किळस येई, कारण हे का होतंय हे त्या घरात तिच्याइतकं कोणाला कळत होतं?

घर मात्र खूश होतं. "गौतमला अंग धरलं," सासूबाई धनकुंवर गल्लीत सांगत. "तेज आलंय तोंडावर."

भांडी घासणारी भिकुबाई तोंडाची फटकळ. "धाकल्या बाई, मोठा भाऊनं तोंड तं टरबूज व्हई गयं," ती राख चोळत म्हणाली. "घरमधलं बठ्ठं तूप त्यासनाच ताटमां पडस का?"

"औषध चालू आहे, भिकुबाई."

"औषध शे? मंग मना नवराले बी आना. तो तं काडी व्हयेल शे."

श्रावणाच्या शेवटी, पर्युषणाच्या तोंडावर, नणंदेचा नवरा लीलाधर पिंपळनेरहून आला. बोलका, हसरा, जगातली सगळी माहिती असलेला माणूस. जावई म्हटल्यावर त्याच्या शब्दाला मान, आणि त्याला तो ठाऊक. संध्याकाळच्या पंगतीत त्याने कोनाड्यातली बाटली उचलली आणि लेबल उजेडाकडे धरलं.

"हे कसलं, साळेसाहेब?"

"सांध्यांचं," गौतमचंद म्हणाले. घास तोंडात होता.

"सांध्यांचं नव्हे हो. हे हार्मोन. आमच्या आबांना साखरेसाठी असलंच इंजेक्शन दिलं होतं. डॉक्टरनेच सांगितलं, डुकराच्या पोटातून काढतात. आबांनी त्याच दिवशी बंद केलं. धर्मापुढे साखर काय."

पंगत थांबली. सासरे घेवरचंद यांनी हातातला फुलका ताटाच्या कडेला ठेवला. ते कापडाचे मोठे व्यापारी, मितभाषी. दर चातुर्मासात जैन स्थानकातल्या साधूंची सगळी सोय बघणारे. त्यांनी थोरल्या मुलाकडे पाहिलं. गौतमचंदांच्या सुजल्या हनुवटीवरून वरणाचा थेंब गळत होता.

कुसुमलता दाराआड उभी होती. तिला वाटलं, आता मी बोलले नाही तर गोळ्या गेल्याच. सासऱ्यांशी आणि जेठांशी बोलायचं नाही, म्हणून ती सासूकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाईजी, सांगा ना त्यांना. ही गोळी जनावराची नाही. मी डॉक्टरांना विचारलंय. ही कंदापासून करतात."

"कशापासून?" धनकुंवर म्हणाल्या.

"कंद. जंगली असतो. सुरणासारखा."

शब्द बाहेर पडले आणि तिला कळलं. ज्या घरात कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या आत येत नाही, ज्या घरात मुळ्याची पानं घेतात आणि मुळा भाजीवालीच्या टोपलीत परत टाकतात, त्या घरात ती सांगत होती की काळजी करू नका, जमिनीखालचंच आहे. एका कंदात अनंत जीव, हे इथलं तान्हं पोरही जाणतं.

लीलाधर खो खो हसला. "म्हणजे डुक्कर नाही. डुकराचं खाणं."

गौतमचंद ताटावरून उठले, मोरीवर गेले आणि घशात बोटं घातली. सगळं घर तो आवाज ऐकत बसलं. मोरीच्या जाळीत फुलक्यांचे तुकडे अडकले, ते भिकुबाईने सकाळी काडीने काढले. गोळ्यांची बाटली घेवरचंदांनी स्वतः उकिरड्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी स्थानकात साधूंपुढे हात जोडून गौतमचंदांनी अठ्ठाईचा नेम घेतला. आठ दिवस निराहार. दिवसा उकळून थंड केलेलं पाणी, बाकी काही नाही. औषधही नाही. प्रायश्चित्त.

 कुसुमलता आधी राजकुंवरकडे गेली. "भाभीसा, डॉक्टर काय म्हणाले होते? एकदम बंद केल्या तर माणूस कोसळतो. वर हा उपास. त्यांना थांबवा."

"मी सांगितलं गं. म्हणाले, आठच तर दिवस आहेत. म्हणाले, एवढं तरी मला स्वच्छ होऊ दे."

मग ती नवऱ्याकडे, केवलचंदकडे गेली. तो माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. चंदाला खांद्यावर थोपटत तो म्हणाला, "मी काय सांगू बापूजींना? सांध्याच्या गोळ्या राहिल्या म्हणून कोणी मरतं का, असं विचारतील. मग खरं सांगावं लागेल. भाऊची अब्रू मी घालवू?"

"अब्रू राहील आणि भाऊ जाईल."

"तुझं आपलं काहीतरी. चंदाला शिंक आली तरी तू डॉक्टर म्हणतेस."

तेही खरंच होतं. तिला सगळ्याचीच भीती वाटायची: उघड्या दुधाची, पाळण्याच्या दोरीची, गल्लीतल्या खोकल्याची. घाबरट बाई एकदा खरंच वाघ बघते, तेव्हा तिचं कोण ऐकतं.

पहिले दिवस बरे गेले. घराला लग्नघराची कळा आली. तपस्व्याची साता पुसायला, म्हणजे प्रकृतीची चौकशी करायला, गाव लोटलं. "साता आहे ना?" येणारे विचारत, गौतमचंद हात जोडत. धनकुंवर दारात उभ्या राहून सांगत, "गोडधोड खाणारा माझा मुलगा, बघा कसा बसलाय." बायका गोल करून तपाची गाणी म्हणत. पेढ्याची ऑर्डर गेली. पारण्याच्या दिवशी घोड्यावरून मिरवणूक काढायची ठरली, बँडवाला येऊन गेला.

मग गौतमचंदांना उभं राहता येईना. तक्क्याला टेकून असत आणि मान एका बाजूला पडे. गालाची सूज उतरली, पण कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबू लागली आणि तिचा रंग मातीचा झाला. पोटात कळा येत. आणि उलट्या. आत काही नसताना उलट्या. हिरवट पाणी, तारेसारखी लाळ. पितळी तसराळं तोंडाशी धरलेलं असे आणि बायका गातच असत.

"पित्त पडतंय," धनकुंवर म्हणाल्या. "कर्म झडतंय त्याचं. नशीबवान आहे."

एक म्हातारी पुढे झाली, तिने तसराळं दोन्ही हातांनी, देवाचं तबक उचलावं तसं उचललं आणि मोरीवर नेलं. जाताना त्यातलं पाणी तिच्या मनगटावर सांडलं, तरी तिने पुसलं नाही. पाठोपाठ पेढ्यांचं ताट फिरलं. कुसुमलताच्या हातावरही पेढा पडला. खोलीत उलटीचा, अगरबत्तीचा आणि खव्याचा एकच वास झाला होता. चंदाने हात पुढे केला, तेव्हा कुसुमलताने पेढा मुठीत चिरडला.

तिने गौतमचंदांकडे पाहिलं. ते कोणाकडेच बघत नव्हते. "साता आहे ना?" शेजारची बाई विचारत होती, आणि त्यांना हात जोडायचे होते, हात छातीपर्यंत आले आणि मांडीवर पडले. पुन्हा आले, पुन्हा पडले. बाई समाधानाने पुढे सरकली.

कुसुमलताने चंदाला राजकुंवरच्या मांडीवर ठेवलं, गाणाऱ्या बायकांमधून वाट काढली आणि बैठकीच्या दारात, घेवरचंदांसमोर जाऊन उभी राहिली. घुंगट तिने डोक्यापर्यंत मागे घेतला. गाणं एकेका गळ्यातून बंद पडत गेलं.

"बापूजी, जेठजींना आत्ता इस्पितळात न्यायला हवं. हा उपासाचा अशक्तपणा नाही. गोळ्या एकदम बंद झाल्या म्हणून आहे."

घेवरचंदांनी मान फिरवली. सुनेचं उघडं तोंड बघायचं नाही म्हणून. उत्तर धनकुंवरनी दिलं. "सांध्याच्या गोळीवाचून कोणी मरत नाही, बीनणी. आत जा."

"ती सांध्यांची नव्हती." ती दारातून हलली नाही. "मूल व्हावं म्हणून होती. दोष भाभीसांत नाही. जेठजींचं रक्त त्यांचंच बीज मारतं. त्यावरचं औषध आहे ते. शरीराला त्याची सवय लागते, आणि ते काढून घेतलं की नाडी बसते. त्यांची नाडी बघा. कोणीतरी बघा."

 केवलचंद जमिनीकडे बघत होता. धनकुंवर सुनेच्या अगदी जवळ आल्या आणि खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "जेठाचं बीज बघायला तू गेली होतीस का गं?"

तिला ते वर्तुळ आठवलं, त्या चिकटलेल्या शेपट्या.  "हो," ती म्हणाली. "गेले होते. बघितलं."

कोणी 'शी' म्हणालं. एकीने लुगडं सावरून भिंतीकडे सरकून घेतलं, आपल्याला विटाळ होईल म्हणून. आणि राजकुंवर उठली. चंदा तिच्या कडेवर होती. ती नवऱ्याजवळ गेली, वाकून त्याचं मनगट धरलं, आणि नऊ वर्षांत कधी ऐकला नव्हता तो तिचा मोठा आवाज त्या घराने ऐकला. "केवलजी, टांगा आणा. नाहीतर मी यांना पाठीवर घेऊन जाते, मिरवणूक तशीच निघू द्या."

केवलचंद धावला.

इस्पितळात डॉक्टरने एकच प्रश्न विचारला, "औषध कोणतं होतं?" आणि कुसुमलताने नाव सांगितलं. शिरेत तेच हार्मोन गेलं, पाठोपाठ मिठाचं आणि साखरेचं पाणी. धनकुंवर नर्सला दबक्या आवाजात विचारत होत्या, "बाटलीत नुसतं पाणीच आहे ना? उपास मोडत नाही ना यानं?" नर्स थेंब मोजून पुढच्या खाटेकडे गेली. दुपार कलता कलता गौतमचंदांच्या ओठांना रंग आला. डोळे उघडले तेव्हा समोर घुंगट नसलेली धाकटी भावजय होती. त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले.

डॉक्टरने बजावलं की गोळ्या पुन्हा सुरू करायच्या, महिनोन् महिने घ्यायच्या, आणि चिमटी चिमटी कमी करत न्यायच्या. मुलासाठी नाही, आता जगण्यासाठी. घेवरचंदांनी इस्पितळात मान हलवली. घरी मात्र बाटली कोनाड्यात दिसली की कोणीतरी तिच्यावर फडकं टाकायचं. मूल झालं नाही. पेढे वाटून झाले होते, मिरवणूक निघाली नाही, आणि गावात बोललं गेलं की धाकट्या सुनेने तपस्व्याचं तप मोडलं. तिच्या हातचं पाणी घरात कोणी घेईना. चंदाला कोणी उचलेना. दिवाळीआधी केवलचंदने धुळ्यात वेगळं दुकान मांडलं.

निघताना राजकुंवर जिन्यात भेटली. "गोळी मी गुळात घालून देते," ती म्हणाली. "यांना कळतं. गुपचूप गिळतात. कोणी बघितलं तर थुंकतात." तिच्या बोटांना गूळ लागला होता, आणि त्यावर माशी बसत होती, ती तिने उडवली नाही. त्यानंतर तिच्याकडून काही कळलेलं नाही. केवलचंद महिन्याला जळगावी जातो, दुकानात बसून येतो आणि सांगतो, भाऊ मजेत आहे.

पुन्हा श्रावण लागलाय. लीलाधर सासुरवाडीला मुक्कामाला आलाय आणि गोळ्यांच्या बदल्यात कोणा वैद्याच्या पुड्या घेऊन आलाय, एवढं कानावर आलं. तेव्हापासून कुसुमलता धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागली की चंदाला कडेवर घेऊन उभी असते आणि ओळखीचा, अनोळखी, जो चढेल त्याला गाठते. तुम्ही जाणार असाल तर तुम्हालाही गाठेल. म्हणेल, दुकानात विचारू नका हो, तिथे सगळे मजेतच असतात. गल्लीतून मागच्या दाराने जा, राजकुंवर म्हणून हाक मारा, कुसुमने पाठवलंय म्हणा. आणि जेठजींना बाहेर बोलवायला सांगा. ते येतील तेव्हा भिंत धरून येतात का, तेवढं बघा. धरून आले तर चहाला थांबू नका. टांगा घेऊन तसेच त्यांना इस्पितळात न्या. घरातलं कोणी काही म्हणालं, तर माझं नाव सांगा.